डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला
पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. सीईटी द्यावी लागत नाही. कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, गुणवत्ता यादी लागते ती डिप्लोमाच्या अंतिम वर्षाच्या टक्क्यांवर, म्हणून पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला ढिलाई नको.

खरी रखडपट्टी कागदांची. राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागतं आणि ते यायला महिने जातात. त्याचा अर्ज पाचव्या सेमिस्टरमध्येच टाका. नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्याची मुदतही बघा.

पसंतीक्रमात माटुंग्याचं व्हीजेटीआय, अंधेरीचं सरदार पटेल बिनधास्त वर ठेवा. केवळ घराजवळ म्हणून एखादं कॉलेज पहिल्या नंबरावर भरू नका. पहिली पसंती मिळाली की जागा तिथेच फ्रीज होते, म्हणजे पक्की होते, मग बदलता येत नाही.

आणि सुट्टीत इंटिग्रेशन घोटा. डिप्लोमावाल्यांची दांडी उडते ती गणितातच.