डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय कसे पाहावे

पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या आवारात असलेले पुरातत्त्व संग्रहालय पाहायचे तर निदान दोन तास हाताशी ठेवावेत. ही चालती संशोधन संस्था असल्याने कामाचा दिवस पाहून, आणि मोठा गट असेल तर आधी विचारूनच जावे; छायाचित्रांची परवानगीही आत शिरतानाच घ्यावी.

सुरुवात दगडी हत्यारांपासून करावी, कारण ‘दगडात काय पाहायचे’ म्हणून अनेकजण ती कपाटे ओलांडून थेट मडक्यांकडे वळतात. हातकुऱ्हाडीच्या दोन्ही अंगांवरचे उथळ खळगे न्याहाळावेत. प्रत्येक खळगा म्हणजे एकेका घावाने उडवलेला छिलका. नदीत घासून गुळगुळीत झालेल्या गोट्यावर असे खळगे धारेच्या कडेने ओळीने पडत नाहीत, आणि माणसाचा हात ओळखण्याची ही खूण एकदा डोळ्यांत बसली की पुढची कपाटे आपोआप बोलू लागतात. नखाएवढी सूक्ष्मास्त्रे पाहताना ती लाकडाच्या वा हाडाच्या खाचेत ओळीने बसवून वापरत, हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत अधिक वेळ इनामगावच्या वस्तूंना द्यावा. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक हंगाम उत्खनन केले आणि इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे अख्खे गाव उजेडात आणले. आधीच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरे आणि शेवटच्या थरांत लहान गोल झोपड्या सापडल्या. पाऊस कमी होत गेल्याने गावाला उतरती कळा लागली, असे उत्खननकर्त्यांनी त्यावरून मांडले. म्हणून प्रत्येक पाटीवर स्थळाच्या नावाबरोबर काळही वाचावा, नाहीतर नऊशे वर्षांची उलथापालथ एकाच खापरात मिसळून जाते.

या लोकांनी मृत बालकांना दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवून, घराच्याच जमिनीखाली पुरले. लेकराला उंबऱ्याच्या आत ठेवून घेणाऱ्या त्या घरांविषयी कळल्यावर मला तरी पुढे सरकायला वेळ लागतो, आणि सोबत मुले असतील तर त्यांना हे हळुवारपणे पण खरे सांगावे, असे माझे मत आहे.

वही-पेन्सिल जरूर न्यावी. जोर्वे या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे, लालसर पृष्ठावर काळ्या रेषा असलेले एखादे लांब तोटीचे भांडे निवडून त्याचे चित्र काढायला बसावे. तोटी नेमकी कुठे जोडली आहे आणि खांद्याशी भांडे कसे एकदम वळते, हे तेव्हाच दिसते.