सरासरीच्या नादात गेलेले तीन महिने

पार्किन्सन म्हणजे डोपामाइन कमी, एवढ्या भांडवलावर मी पीएचडीला आले. गाइडनी विषय दिला सब्स्टॅन्शिया नायग्रा या मेंदूतल्या खोल भागाच्या खालच्या पट्ट्याचा, पार्स रेटिक्युलाटाचा. तिथले बहुतेक न्यूरॉन गाबा हे रसायन सोडतात, म्हणजे पुढच्या न्यूरॉनला दाबून ठेवतात. पार्किन्सनमध्ये मरतात ते वरच्या पट्ट्यातले डोपामाइनवाले. हे शेजारी बहुतांशी जगतात, पण त्यांची चाल बिघडते.

न्यूरॉनच्या विजेच्या ठोक्यांच्या, म्हणजे स्पाइकच्या, रेकॉर्डिंगला बसलात की आधी कान तयार करा. स्पीकरवर डोपामाइनवाला न्यूरॉन गळक्या नळासारखा ठिबकतो, सेकंदाला २ ते ५ वेळा, आणि त्याचा स्पाइक रुंद दिसतो. रेटिक्युलाटातला शिलाई मशीनसारखा पळतो, सेकंदाला २०-३०, स्पाइक बारीक.

१९८९-९० च्या सुमाराचं प्रसिद्ध मॉडेल सांगतं की डोपामाइन गेलं की रेटिक्युलाटाचे न्यूरॉन जास्त फायर होतात, म्हणजे जास्त स्पाइक देतात, त्यांच्या पुढचा मेंदूचा भाग, थॅलॅमस, दबतो आणि हालचाल अडते. मी त्यावर विसंबून तीन महिने नुसती स्पाइकच्या दराची सरासरी काढत बसले. निरोगी उंदीर आणि आजारी उंदीर, आकडे जवळपास सारखेच! शेवटी गाइड म्हणाले, “अगं, आकडे सोड, जरा ऐक तरी.” ऐकलं, तर मशीन दोरा गुंतल्यासारखं चालत होतं: झुपका, मग शांतता, पुन्हा झुपका. दोन स्पाइकमधली अंतरं मांडल्यावर फरक लख्ख दिसला. पेपरांमध्येही दराबाबत एकमत नाही. अनियमितपणा आणि झुपके मात्र पुन्हा पुन्हा सापडतात.

भुलीची खोली प्रत्येक फाइलपुढे लिहाच. युरेथेन या औषधाच्या खोल भुलीत आजारी बाजूचे (उंदराच्या मेंदूची एकच बाजू आजारी करतो) झुपके कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, संथ, सुमारे १ हर्ट्झच्या लहरीला धरून येतात. हे नोंदवलं नसेल तर दोन दिवसांची रेकॉर्डिंग एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

आणि ६-हायड्रॉक्सीडोपामाइन, डोपामाइनवाले न्यूरॉन मारून उंदीर आजारी करायचं विष. ते एस्कॉर्बिक ॲसिड घातलेल्या सलाइनमध्ये ताजं बनवा, बर्फावर, अंधारात. गुलाबी झालं की फेकून द्या. मी एकदा “किंचितच गुलाबी आहे” म्हणून टोचलं. उंदराच्या नायग्रात आपल्यासारखा काळा रंग नसतो, त्यामुळे मेंदू नुसता कापून काही कळत नाही. डोपामाइनवाले न्यूरॉन तपकिरी रंगवणारं टीएच स्टेनिंग केलं तेव्हा दोन्ही बाजूंना सारखीच तपकिरी पट्टी निघाली, म्हणजे विषाने काम केलंच नव्हतं. सहा आठवड्यांची रेकॉर्डिंग मग मी कंट्रोल (निरोगी) गटातही घालू शकले नाही.