जलचक्र शिकवताय? बाण नंतर काढा, आधी साठे मोजा

जलचक्र आणि नत्रचक्र शिकवायचं म्हटलं की अजूनही आदल्या दिवशी माझ्या पोटात गोळा येतो. समुद्र, ढग, डोंगर, नदी आणि मध्ये बाण: मुलं ही आकृती डोळे मिटून काढतात. आणि आपल्याला वाटतं, कळलं यांना.

मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो. "आमच्या तलावाची वाफ होते, तर पाऊस आमच्याकडंच का पडत नाही?" मी खडू हातात घेऊन नुसता उभा होतो.

सापळा इथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आकृतीत बाण दिसतात; कुठं किती पाणी आहे आणि ते तिथं किती काळ थांबतं, हे दिसत नाही. एक हौद घ्या. त्यात १०० लिटर पाणी आहे, रोज १० लिटर येतं आणि तेवढंच जातं. म्हणजे पाणी हौदात सरासरी १० दिवस राहतं. हाच भागाकार हवेला लावा. वातावरणात साधारण १३ हजार घन किलोमीटर पाणी असतं आणि जगभर वर्षाला सुमारे ५ लाख घन किलोमीटर पाऊस-बर्फ पडतो. उत्तर येतं नऊ-दहा दिवस. तेवढ्यात वारा बाष्पाला कुठल्या कुठं नेतो. समुद्राचं उत्तर मात्र हजारो वर्षांत येतं. हा भागाकार मुलांकडून फळ्यावर करून घ्या, तुम्ही करू नका. त्यानंतर सह्याद्री काढा: अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प चढताना महाबळेश्वरला ५ हजार मिलिमीटरच्या वर बरसतं आणि डोंगरापलीकडं पूर्वेला माण तालुक्यात पोचेपर्यंत ५००च्या आसपास उरतं. मागच्या बाकाला उत्तर मिळतं.

नत्राचंही तेच. हवेत ७८ टक्के नत्र, तरी पीक उपाशी, कारण त्या दोन अणूंमधला तिहेरी बंध झाडाला तोडता येत नाही. मुळावरच्या गाठींत राहणाऱ्या रायझोबियम जिवाणूंना येतो. ऑगस्टमध्ये सोयाबीनचं एक झाड मुळासकट उपटून आणा आणि मुळावरची गाठ ब्लेडनं कापा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. शेतकऱ्यांची मुलं इथं तुमच्यापुढं जातात, जाऊ द्या. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र किती, हे त्यांनाच विचारा (४६ टक्के, म्हणजे २१ किलोला थोडं कमी). त्यातलं विहिरीत किती झिरपतं आणि हवेत किती उडतं, यावर तास सहज जातो. स्फुरद (फॉस्फरस) शेवटी घ्या. त्याला हवेतला टप्पा जवळजवळ नाहीच, ते खडकातून येतं आणि वाहून गेलं की समुद्रतळाशी लाखो वर्षं अडकतं.

तयार ॲनिमेशन दाखवू नका. निदान पहिल्या तासाला तरी नको. त्यातलं पाणी अर्ध्या मिनिटात फिरून येतं आणि वेळेची सगळी कल्पनाच बिघडते. ज्येष्ठ सहकारी म्हणतील, आकृती घोटून घ्या, मार्क कुठं जात नाहीत. त्यांचं मार्कांपुरतं खरं आहे. पण हिशेब करणारी मुलंही आकृती काढतातच, मार्कांची काळजी सोडा. पहिल्या वर्षी दोनाऐवजी चार तास लागतील. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा आणि सोयाबीन नसेल तर तूर किंवा भुईमूग चालतो.