झ्युरिक की सेंट मॉरिट्झ : घर कुठे करायचं, डोंगर किती घ्यायचा

मोठ्या पगारावर स्वित्झर्लंडला आलेल्या मराठी कुटुंबांचा पहिल्या वर्षातला हमखास प्रश्न असा : झ्युरिकमध्ये एवढं भाडं भरण्यापेक्षा सेंट मॉरिट्झ किंवा वेर्बिएसारख्या डोंगरातल्या स्कीच्या गावी स्वतःचं घर का घेऊ नये? उत्तर आधीच देऊन टाकू. पहिली दोन वर्षं शहरात भाड्याने राहा, आणि डोंगर मोसमापुरता भाड्याने घ्या. त्याआधी केलेली खरेदी बहुतेक वेळा कागदांमुळे फसते, आणि कागद नीट असले तर नोव्हेंबरमुळे.

शहरातलं घर मिळवणं हे पैशाचं काम कमी आणि फाइलचं जास्त. घरमालक 'बेट्राइबुंग्सआउसझुग' मागतात, म्हणजे तुमच्या नावावर थकबाकीची वसुली नाही याचा सरकारी दाखला. नवख्याकडे तो नसतो. त्याऐवजी नोकरीचा करार, वार्षिक पगार लिहिलेलं कंपनीचं पत्र आणि राहण्याच्या परवान्याची प्रत एकाच फाइलमध्ये तयार ठेवा आणि घर पाहिलं त्याच दिवशी पाठवा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं, आणि ती तुमच्याच नावाच्या बँक खात्यात अडकवून ठेवली जाते. कुणी ती स्वतःच्या खात्यावर मागितली, तर तिथून उठा. ताबा घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा नोंदपत्रकात लिहून घ्या, नाहीतर सोडताना त्याचे पैसे तुमच्याकडून वसूल होतील.

आल्यावर १४ दिवसांत, आणि काम सुरू करण्याआधी, गावपालिकेत नोंदणी. आरोग्यविम्याला तीन महिने मिळतात, पण हप्ता आल्या दिवसापासूनचाच लागतो, त्यामुळे उशीर करून काही वाचत नाही.

श्रीमंत वस्ती म्हणजे झ्युरिकच्या सरोवराचा उजवा काठ : झोलिकॉन, क्युस्नाख्ट, एर्लेनबाख. दुपारनंतरचं ऊन इथे पडतं म्हणून हा 'सोनेरी किनारा'. समोरच्या काठाला स्थानिक लोक सर्दीचा किनारा म्हणतात, कारण तिथे सावली लवकर येते. भारतातून आलेल्यांना हा फरक पहिल्या डिसेंबरमध्ये कळतो. या गावांचा कर शहरापेक्षा कमी आहे हे खरं, पण एक बारकावा लक्षात घ्या. बी परवान्यावर (सुरुवातीचा, मुदतीचा वास्तव्य परवाना) कर पगारातूनच कापला जातो आणि त्याचा दर संपूर्ण कँटोनमध्ये, म्हणजे प्रांतात, सारखाच असतो. वार्षिक ढोबळ पगार १,२०,००० फ्रँकला पोचला की नेहमीचं विवरणपत्र भरावं लागतं, आणि गावाचा दर विवरणपत्र भरल्यावरच लागू होतो. त्याखाली पगार असेल तर केवळ करासाठी क्युस्नाख्टचं भाडं भरू नका. विवरणपत्रात पुण्यातला फ्लॅटही दाखवायचा. त्यावर इथे कर बसत नाही, पण तुमचा दर ठरवताना तो धरला जातो. भारत आणि स्वित्झर्लंडमध्ये बँक खात्यांची माहिती २०१९ पासून एकमेकांना जाते.

आता डोंगर. सेंट मॉरिट्झ १८२२ मीटरवर आहे, महाबळेश्वरहून साडेचारशे मीटरहून अधिक उंच. झ्युरिकहून कूरला गाडी बदलून तीन तासांहून जास्त लागतात, म्हणजे रोजची नोकरी शहरात आणि घर तिथे हे जमत नाही. हिवाळ्याचा मोसम डिसेंबर ते ईस्टर, उन्हाळ्याचा जूनअखेर ते ऑक्टोबर. मधल्या मे आणि नोव्हेंबरमध्ये हॉटेलं, रोपवेचे पाळणे, खानावळी बहुतांश बंद. ज्या ऐषारामासाठी पैसे मोजले तो तेव्हा कुलूपबंद असतो. झेरमाटला तर खासगी मोटारींना बंदी आहे. गाडी टेश्शला ठेवून पुढे रेल्वे, आणि सोफाही त्याच वाटेने येणार. मुलांची शाळा आधी पाहा : सेंट मॉरिट्झजवळच्या झुओझसारख्या गावात सरकारी शाळेची सुरुवातीची वर्षं रोमान्श या स्थानिक भाषेत असतात.

स्वयंपाकघरातही उंची जाणवते. १८०० मीटरवर पाणी सुमारे ९४ अंशांना उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजतच नाही असं वाटतं. कुकर लागतोच, आणि त्यातही झ्युरिकपेक्षा एखाद-दोन शिट्ट्या जास्त. डाळ दोन तास आधी भिजवा. भारतातून ॲल्युमिनियमचा कुकर आणू नका. इंडक्शन शेगडीवर तो तापत नाही, लोहचुंबक चिकटेल असा स्टीलचा तळ हवा. इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही, दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा. आणि डिझेलची गाडी असेल तर टाकी खालच्या शहरातून भरून नेऊ नका. एंगाडीनमध्ये, म्हणजे सेंट मॉरिट्झच्या खोऱ्यात, काही रात्री उणे २० च्या खाली जातात, तिथलं हिवाळी डिझेलच घ्या, नाहीतर सकाळी इंधन गोठून गाडी उभी राहते.

डोंगरावर वाचवायला हेलिकॉप्टर येतं, आणि मूळ आरोग्यविमा बचावाचा निम्माच खर्च देतो, तोही वर्षाला ५,००० फ्रँकपर्यंत. आठवड्याला आठ तास किंवा जास्त नोकरी करणाऱ्याला कंपनीचा अपघातविमा असतो. नोकरी न करणारा जोडीदार आणि मुलं यांना नसतो, त्यांच्या आरोग्यविम्यात 'अपघातासह' ही खूण करायला विसरू नका. ही चूक फार घरांत होते.

खरेदीचं ठरलंच, तर दोन कायदे. पहिला 'लेक्स कोलर', परदेशी लोकांच्या घरखरेदीवरचा, १९८३ चा. बी परवान्यावरचा भारतीय नागरिक स्वतः राहण्यासाठी एक घर परवानगीशिवाय घेऊ शकतो, पण ते भाड्याने देता येत नाही. सुट्टीच्या घराला कँटोनची परवानगी लागते. देशभरासाठी वर्षाचा कोटा १,५०० घरांचा, राहतं क्षेत्र साधारण २०० चौरस मीटरपर्यंत, आणि ग्राउब्युंडेन, वाले अशा ठरावीक कँटोनांतच. झ्युरिकमध्ये ही सोय नाही. सी परवाना (कायम वास्तव्याचा) मिळाला की हे बंधन सुटतं.

दुसरा कायदा जास्त फसवा. ११ मार्च २०१२ च्या सार्वमतानंतर, जिथे दुसऱ्या घरांचं प्रमाण २० टक्क्यांहून जास्त आहे त्या गावात नवीन सुट्टीघरं बांधायला बंदी आली. म्हणून 'ग्रुंडबुख'चा, म्हणजे मालमत्ता नोंदवहीचा, उतारा मागवून एकच शब्द शोधा. 'एर्स्टवोनुंग', म्हणजे मुख्य राहतं घर, असं लिहिलं असेल तर तिथे कायम राहावंच लागतं. सुट्टीसाठी तो फ्लॅट वापरता येत नाही, कितीही स्वस्त दिसला तरी. त्या तारखेच्या आधीच्या जुन्या घरांना सहसा हे बंधन नसतं आणि म्हणूनच ती महाग. शेजारी मालकांच्या मागच्या तीन बैठकांचे इतिवृत्तांत आणि दुरुस्ती निधीत किती रक्कम आहे तेही मागा. निधी रिकामा आणि छप्पर चाळीस वर्षांचं असेल तर ते बिल तुमचंच.

बँक राहत्या घराला किमान २० टक्के स्वतःचे मागते, सुट्टीघराला बरेच जास्त. भारतातला फ्लॅट विकून ते आणायचे असतील तर अनिवासी भारतीयाच्या एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच बाहेर पाठवता येतात, आणि सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र लागतं. हे काम सहीच्या तारखेआधी काही महिने सुरू करा.

भाड्याचं मोसमी घर उन्हाळ्यातच ठरवून टाका. नाताळ ते सहा जानेवारी आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या टाळल्या तर भाडं बरंच उतरतं. जानेवारीचा मधला पंधरवडा शांत आणि मार्च उन्हाचा. आणि गाव पसंत पडलं तर विक्रेत्याला होकार देण्याआधी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे चार रात्री राहून या, दूध कुठल्या दुकानात मिळतं ते बघा.