थकलेल्या हातांसाठी प्रोसिजर लिहिताना

माझं काम अंतराळवीरांसाठी प्रोसिजर लिहिण्याचं. पंप बदलायचा असो, गळती शोधायची असो की धूर दिसला असो, त्या वेळी क्रूच्या समोर जो मजकूर असतो तो कुणीतरी जमिनीवर बसून लिहिलेला असतो. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी जे तोंडी सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी आपला वाचक ओळखा. वर्गात बसलेला, ताजातवाना अंतराळवीर डोळ्यांपुढे आणू नका. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर झोपेसाठी साडेआठ तास राखून ठेवलेले असतात, प्रत्यक्षात सरासरी ६ तासांच्या आसपासच मिळते. स्पेसवॉक, म्हणजे सूट घालून स्थानकाबाहेर केलेलं काम, ६-७ तास चालतो. सूटच्या आत हवेचा दाब आणि बाहेर निर्वात, त्यामुळे हातमोजा ताठरतो आणि मूठ वळायला दर वेळी जोर लावावा लागतो. अमेरिकी सूटच्या छातीवरचे स्विच तर घालणाऱ्याला सरळ दिसतही नाहीत. तो मनगटावरच्या आरशात बघतो, म्हणून तिथली अक्षरं उलटी छापलेली असतात. मला ही उलटी अक्षरं फार आवडतात. कुणीतरी सूट घालणाऱ्याच्या जागी जाऊन बघितलं, तेव्हा ती सुचली.

आता लिहिणं. एका ओळीत एकच कृती. लगेच पुढे, ती नीट झाली तर काय दिसेल ते: कुठला दिवा, कितीपासून कितीपर्यंतचा आकडा. ‘गरज वाटल्यास’ असं कधीही लिहू नका, गरज कोणत्या आकड्याला सुरू होते ते लिहा. आणि धोक्याची सूचना कृतीच्या आधी, त्याच पानावर.

हे शेवटचं मी स्वतः चूक करून शिकले. एका सरावात झडप उघडण्याची पायरी पानाच्या अगदी तळाशी आली होती आणि ‘उघडण्यापूर्वी पलीकडचा दाब बघा’ ही ओळ पुढच्या पानावर सगळ्यात वर. लिहिताना स्क्रीनवर दोन्ही ओळी मला एकाखाली एक दिसत होत्या. सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षणार्थी मुलीने पायरी वाचली, झडप उघडली आणि मग पान उलटलं. पान तसंच हातात धरून ती थांबली. संध्याकाळच्या नोंदीत आलं, ‘प्रशिक्षणार्थीने सूचना पाळली नाही.’ ते वाक्य मी बदलून घेतलं. कागदावर होतं तेच, त्याच क्रमाने तिने केलं होतं. चूक माझी होती आणि ती तिच्या नावावर चढत होती.

मजकूर तयार झाला की प्रत्येक पायरीपाशी थांबून विचारा: ही राहून गेली तर? वेळेआधी केली तर? दुसराच स्विच दाबला गेला तर? उत्तर ‘जीव जाईल’ असं आलं, तर ती पायरी नुसत्या शब्दांवर सोडू नका. रचना बदलायला सांगा, निदान दुसऱ्या माणसाची खात्री मधे घाला. ३१ ऑक्टोबर २०१४ ला स्पेसशिपटू या प्रवासी अंतराळयानाच्या चाचणी उड्डाणात सहवैमानिकाने शेपटाचं कुलूप मॅक १.४ (ध्वनीच्या वेगाच्या १.४ पट) ऐवजी ०.८ च्या सुमारास उघडलं. हवेच्या जोराने शेपूट वर उचललं गेलं, यान फुटलं आणि तो गेला. एका माणसाच्या एका चुकीने एवढा घात होऊ शकतो याचा विचार यान बनवणाऱ्यांनी केला नव्हता, असं चौकशीत ठरलं. ‘प्रशिक्षित माणूस असं करणार नाही’ हे उत्तर तुम्हालाही मिळेल. अपोलो यानांच्या संगणकाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांनी उड्डाणात चुकीचा प्रोग्रॅम सुरू होऊ नये अशी सोय मागितली, तेव्हा त्यांनाही तेच मिळालं होतं. मग डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ वर जिम लोवेल यांनी ताऱ्याचा क्रमांक भरताना चुकून प्रोग्रॅम ०१ सुरू केला, आणि यान अजून उड्डाणाआधीच्या अवस्थेत आहे असं संगणकाने धरलं. दिशेची माहिती पुसली गेली, ती पुन्हा बसवावी लागली.

सगळ्यात अवघड ओळ मात्र वेगळीच आहे. ९ जुलै २०१३ ला स्थानकावरच्या स्पेसवॉकनंतर इटालियन अंतराळवीर लुका पार्मितानो यांच्या हेल्मेटमध्ये पाणी सापडलं. पिण्याच्या पिशवीतून गळलं असेल, असं धरलं गेलं. हेल्मेटमध्ये थोडं पाणी दिसायचंच, त्याची सवय झाली होती. १६ जुलैला ते त्याच सूटमध्ये पुन्हा बाहेर पडले. पाऊण तासाच्या सुमारास डोक्यामागे पाणी जाणवतंय, असं त्यांनी कळवलं. काम थांबवून परत बोलवायचं ठरायला त्यानंतर वीसहून अधिक मिनिटं गेली. परतताना पाणी डोळ्यांवर आणि नाकावर आलं, त्यातच सूर्य मावळला. सुरक्षा दोरीच्या ओढीवरून दिशा धरत ते एअरलॉकपर्यंत, म्हणजे स्थानकात शिरायच्या दुहेरी दाराच्या कक्षापर्यंत पोचले. हवा आणि पाणी वेगळं करणाऱ्या भागाची बारीक छिद्रं बुजली होती, पिशवीचा काही दोष नव्हता.

म्हणून ‘कारण सापडलं’ असं जिथे येईल, तिथे मी त्याखाली आणखी एक ओळ लिहिते: हे कारण चुकीचं असेल तर पुढे काय दिसेल, आणि ते दिसताच काय करायचं. पार्मितानो यांच्या वेळी ती अशी असती: ‘पाणी पुन्हा जाणवलं, तर शोध नंतर. आधी आत या.’ ‘थांबा’ कुणीही म्हणू शकतो आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही, हेही सुरुवातीलाच स्पष्ट लिहा.

स्वतःचा मजकूर स्वतः तपासू नका. ज्याने तो पाहिलेला नाही अशा माणसाला शिफ्टच्या शेवटी बोलवा, हातमोजे घालायला द्या आणि गप्प बसा. समजावून सांगायचा मोह होईल, आवरा. वाचणाऱ्याचं बोट जिथे मागच्या ओळीवर जातं, तिथे खूण करा. ती ओळ पुन्हा लिहायची.

उड्डाण संपल्यावर क्रूने समासात काय लिहिलं ते मागून घ्या. ‘इथे दोनदा वाचलं’ एवढंच लिहिलेलं असलं तरी ते त्याच आठवड्यात दुरुस्त करा, वर तारीख घाला, आणि सिम्युलेटरमधली जुनी प्रत स्वतः जाऊन काढून आणा.