बंद पडलेलं जातं पुन्हा दळतं करताना

पुण्यात पेठेतला वाडा पाडायला काढला की त्यातलं जातं कुंडीखाली तरी जातं, नाहीतर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात. तिथून घेताना वरचा दगड टेकवून उभा करा आणि हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज हवा. बद्द वाजला तर आत चीर आहे, सोडून द्या. घरगुती कामाला 14 ते 16 इंचांचं पुरे.

पाणचक्की असो की जातं, खालचा दगड स्थिर आणि वरचा फिरता. म्हणून आधी मधली खीळ बघा. ती ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी हवी. हलत असेल तर लाकडी पाचर ठोका, नाहीतर वरचा दगड कलतो आणि पीठ एका बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला जाड पडतं.

मग टाकी, म्हणजे छिन्नीने दगडाला टिंबं पाडून खरखरीत करणं. दगड गुळगुळीत झाला की दाणा फुटत नाही, नुसता घरंगळतो. खालच्या दगडावर ओला गेरू पातळ फासा, वरचा ठेवून दोन फेरे द्या, उचला. वरच्या दगडावर जिथे गेरू लागला ते उंचवटे. छिन्नीने आधी तेच उतरवा. खालच्यावर गेरू पुसून चकाकी आली असेल, तिथेही तेच. दोन्ही नीट बसले की ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंतरावर टिंबं मारा, मिलिमीटर-दीड मिलिमीटर खोल. तोंडाजवळ, म्हणजे दाणे टाकायच्या मधल्या भोकापाशी, जरा खोल, म्हणजे दाणा आत शिरतो; कडेच्या दोन इंचांत अगदी उथळ, पीठ तिथेच बारीक होतं. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडकं हवंच, दगडाची धूळ छातीत जाते.

ब्रशने घासून धुवा, दिवसभर कडक उन्हात वाळवा. नंतर अर्धा किलो जाडाभरडा तांदूळ दळून फेकून द्या. गुरांनाही घालू नका, त्यात कच असते. असं दोन-तीनदा. चिमूटभर पीठ पाण्यात ढवळून निथळा; तळाशी बोटाला खरखर लागली तर आणखी एक फेरी. हा टप्पा टाळला की भाकरी दाताखाली कचकचते आणि दोष ज्वारीला लागतो.

दळताना एका हाताने खुंटा, दुसऱ्याने मूठभर वैरण, म्हणजे जात्यात घालायचे दाणे. तोंडात दाणे कोंबले की पीठ जाड येतं. वैरण थांबली की दगडावर दगड घासतो, पीठ तापतं आणि टाकी झिजते. डाळ भरडायची असेल तर खिळीवर चिंधीचं कडं घाला, वरचा दगड तेवढाच उचलला जातो. सवय नसेल तर किलोभर ज्वारीला पाऊण तास धरा. भाजणी त्यामानाने सोपी, भाजलेला दाणा लवकर फुटतो.

पुण्याच्या पावसाळ्यात सर्दावलेलं धान्य टाकीत चिकटून बसतं. तव्यावर कोमट करून, पूर्ण गार झाल्यावर दळा. काम झालं की कुंच्याने झाडा, पाणी नको. बाजरी मात्र आठवड्यापुरतीच दळा, पीठ कडवट होतं.