दूरस्थ मानसोपचारात नवोदित थेरपिस्टचे सुपरव्हिजन कसे करावे

केंद्रात बसून काम करणाऱ्या नवोदित थेरपिस्टला सुपरव्हिजनच्या, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसोबत आपल्या केसेसवर बोलण्याच्या, ठरलेल्या तासाव्यतिरिक्तही बरेच काही मिळत असते. अवघड सेशन संपवून बाहेर आल्यावर चेहरा पाहून कोणीतरी विचारपूस करते आणि दोन वाक्यांत मन हलके होते. ऑनलाइन काम करणारा थेरपिस्ट मात्र लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर त्याच खोलीत एकटाच उरतो. म्हणून सुपरव्हिजनची जबाबदारी घेणाऱ्याने आधी एवढे ओळखावे की, एरवी सहज दिसणारे आणि कानावर पडणारे आता मुद्दाम सोय केल्याशिवाय आपल्यापर्यंत पोहोचणार नाही.

सुरुवात लेखी कराराने करावी. भेटी किती वेळा होतील, मधल्या काळात तातडीचा प्रश्न आला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, सुपरव्हायजर रजेवर असताना त्याच्या जागी कोण असेल आणि संस्थेकडे जाणाऱ्या मूल्यमापनात काय लिहिले जाईल, हे त्यात स्पष्ट असावे. क्लायंट सेशनच्या वेळी जिथे असतो तिथल्या परवान्याचे नियम बहुतेक ठिकाणी लागू होतात, त्यामुळे थेरपिस्टला आणि सुपरव्हायजरला तिथे काम करण्याची मुभा आहे का, याची खातरजमाही आधीच करून घ्यावी. केसविषयीचे बोलणे खाजगी मेसेजिंग अ‍ॅपवर होऊ देऊ नये.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केवळ थेरपिस्टच्या सांगण्यावर विसंबून सुपरव्हिजन करू नये, प्रत्यक्ष सेशन ऐकावे. निकोलस लडानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, जवळजवळ सर्वच प्रशिक्षणार्थी सुपरव्हायजरपासून काही ना काही लपवतात. त्यात स्वतःच्या चुका असतात, तशीच सुपरव्हायजरविषयीची नाराजीही असते. यात लबाडी नाही. ज्याच्या हाती मूल्यमापन आहे त्याच्यासमोर मन आखडते, एवढेच. व्हिडिओ सेशनचे रेकॉर्डिंग करणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे, पण ते कशासाठी होत आहे, कोण ऐकणार, कुठे सुरक्षित राहणार आणि केव्हा पुसले जाणार, हे सांगून क्लायंटची लेखी संमती घ्यावी आणि नकार दिल्यास उपचारात काहीही फरक पडणार नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे.

पूर्ण सेशन ऐकण्याची गरज नसते. थेरपिस्टला स्वतः अडखळल्यासारखे वाटले ती दहा मिनिटे त्याने निवडावीत. अधूनमधून मात्र निवड सुपरव्हायजरने करावी. ऐकताना नॉर्मन केगन यांनी 1960 च्या दशकात विकसित केलेली पद्धत फार उपयोगी पडते. रेकॉर्डिंग थेरपिस्टने हवे तिथे थांबवायचे आणि त्या क्षणी मनात काय चालले होते ते आठवून सांगायचे. सुपरव्हायजरने फक्त विचारत राहायचे, शिकवायचे नाही.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका तरुण थेरपिस्टने सेशन चांगले झाले, क्लायंटने गृहपाठही केला होता, असे सांगितले. रेकॉर्डिंगमध्ये क्लायंट बोलता बोलता म्हणतो, "तसंही आता काही फरक पडत नाही." तीन-चार सेकंद शांतता. थेरपिस्टची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या टिपणाकडे जाते आणि ती पुढच्या आठवड्याच्या गृहपाठाकडे वळते. "इथे आत्महत्येबद्दल विचारायला हवं होतंस," हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले होते. ते आवरून मी एवढेच विचारले, "या शांततेत तुझ्या मनात काय होतं?" ती म्हणाली, "मला ऐकू आलं होतं. पण मी विचारलं, तो हो म्हणाला आणि तेवढ्यात नेट गेलं, तर मी काय करणार होते?"

तिला प्रश्न माहीत होता. तिच्या हाताशी नव्हती ती पुढची तयारी. ही तयारी पहिल्या क्लायंटच्या आधीच करून घेणे हे सुपरव्हायजरचे काम आहे. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला क्लायंट या क्षणी कुठे बसला आहे ते विचारावे, कारण नोंदणीतला पत्ता आणि आजचा पत्ता एकच असेल असे नाही. संपर्क तुटल्यास लावायचा फोन नंबर, जवळच्या व्यक्तीचा क्रमांक आणि क्लायंटच्या ठिकाणची आपत्कालीन सेवा यांची नोंद समोर असावी. शेजारी कोणी ऐकत आहे का, हे केवळ हो-नाहीत उत्तर देता येईल अशा प्रश्नाने तपासावे. पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरत असाल तर मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्य नसल्यास त्याविषयी त्याच सेशनमध्ये बोलणे झालेच पाहिजे. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात पेरला जातो ही भीती नवोदितांमध्ये हमखास असते. संशोधनातून तिला आधार मिळत नाही, हे त्यांना आवर्जून सांगावे.

मग याचा सराव करावा. मी क्लायंटची भूमिका घेते, अवघड वाक्य उच्चारते आणि मध्येच व्हिडिओ बंद करते. थेरपिस्टने फोन लावायचा, पहिले वाक्य बोलायचे आणि उत्तर न आल्यास पुढचे पाऊल उचलायचे. पहिल्या खेपेला बहुतेकांचा आवाज कापतो. तिसऱ्या खेपेपर्यंत तो स्थिरावतो. खऱ्या प्रसंगी मला केव्हा फोन करायचा, हेही याच वेळी ठरते.

ब्रिजिड प्रॉक्टर यांनी सुपरव्हिजनची तीन कामे सांगितली आहेत: कामाचा दर्जा आणि नीतिनियम सांभाळणे, कौशल्य घडवणे आणि काम करणाऱ्याला आधार देऊन पुन्हा उभारी देणे. ऑनलाइन कामात तिसरे सर्वांत आधी मागे पडते, कारण थकवा पडद्यावर नीट दिसत नाही. सेशन पाठोपाठ लावले जाऊ नयेत याकडे सुपरव्हायजरने वेळापत्रक मागवून स्वतः लक्ष द्यावे, जोखमीच्या सेशननंतर त्याच दिवशी दहा मिनिटांचा कॉल ठेवावा आणि तीन-चार नवोदितांचा एक छोटा गट जुळवून द्यावा. मात्र थेरपिस्टच्या स्वतःच्या जुन्या जखमा वर येऊ लागल्या, तर सुपरव्हिजनचे उपचारात रूपांतर होऊ न देता त्यासाठी वेगळी मदत सुचवावी.

प्रत्येक भेटीची शेवटची पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि "आज काय सांगायचं राहिलं?" असे विचारून थांबावे. ऑनलाइन शांतता लवकर अवघड वाटते आणि ती आपणच भरून काढतो. इथे तसे करू नये. त्या थेरपिस्टने नेट जाण्याच्या भीतीनंतरची दुसरी गोष्ट, म्हणजे माझ्या टिपणे घेण्याने तिला परीक्षेला बसल्यासारखे वाटते हे, अशाच पाच मिनिटांत सांगितले.